हात कोठे शे?

मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा तिच्या वडिलांना मी सांगून बसलो की माझ्याकडे विजेशिवाय चालणारा पंखा आहे.

नव्हता. कसा असेल?

झालं असं, की सुरतेच्या बमरोलीतलं घर, वर पत्रे, भर दुपार, समोर पोह्यांची बशी आणि नेमकी लाइट गेली. मुलीचे वडील एका लूमच्या कारखान्यात मास्तर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि कारागिरांना धाकात ठेवायचं, हे त्यांचं काम. भारदस्त माणूस. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि मला वारा घालायला सुरुवात केली. होणारा सासरा वारा घालतोय आणि आपण पोहे हाणतोय, हे काही मला सहन होईना. मी म्हणालो, "राहू द्या हो मास्तर, मी एक पंखाच बनवतोय, त्याला लाइट लागतच नाही."

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण 'बनवतोय'चं 'बनवलाय' व्हायला मला फक्त पुढचा घास लागला.

"लाइट लागत नाही म्हणजे? सेलवर चालतो?" मास्तरांनी विचारलं.

"सेल नाही, काही नाही. एकदा ढकलला की फिरतच राहतो."

मास्तरांचा वारा घालणारा हात थांबला. मला वाटलं, छाप पडली. तेवढ्यात मुलगी, जिनं तोवर नाव आणि शिक्षण यापलीकडे एक शब्द काढला नव्हता, ती पाण्याचे पेले उचलता उचलता म्हणाली, "मग तो बंद कसा करायचा?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माणूस अडला की दुसऱ्याचं नाव पुढे करतो. मी केलं. म्हणालो, "आमच्या मिलमध्ये अप्पा आहेत. असली यंत्रं तपासण्यात त्यांचा हात धरणारा पांडेसऱ्यात कोणी नाही. समोर यंत्र फिरत असतं आणि ते बशीत ओतून चहा पीत बसतात. चहा संपला की विचारतात, 'हात कोठे शे?' भल्याभल्यांची बोबडी वळते. त्यांनी माझा पंखा पास केलाय."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हे बघा," ते म्हणाले, "मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही फसलो. मुलगा सांगत होता तसं त्याचं काहीच नव्हतं. फेकणारा जावई घरात एक आहे, तेवढा पुरे. दसऱ्याला तुमच्या मिलमध्ये पूजेला बाहेरच्यांना येऊ देतात ना? मी हिला घेऊन येतो. पंखा बघतो, तुमच्या अप्पांना भेटतो. मग पुढचं बोलू."

आणि मला ती मुलगी फार आवडली होती. खरं तर त्या पेले उचलताना विचारलेल्या प्रश्नापासूनच.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्याबद्दलच आहे. मी मध्ये मध्ये येतो तो सवयीनं.

अप्पा पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये मेन्टेनन्सचे प्रमुख होते. मी रंगखात्यात, शेड जुळवायला. व्यापारी कापडाचा तुकडा आणायचा, मी तसाच रंग काढून द्यायचा. अप्पा मूळचे चोपड्याकडचे, फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेले. प्रोफेसर व्हायचं म्हणून घरातून निघाले आणि सुरतेला बॉयलरपाशी पोचले. हे ते कधी दुःखानं सांगत नसत. "तिथं पोरांना शिकवावं लागलं असतं," म्हणायचे, "इथं तुमच्यासारखी मोठी माणसं मिळाली."

बुटके, गोल, डोक्यावर मधोमध टक्कल, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि त्याच्याशेजारी बडीशेपेची पुडी. मशीन बिघडलं की स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचे. नवीन माणसाला वाटायचं, फोनवर बोलतायत. एरवी मराठी बोलायचे, आनंद झाला किंवा राग आला की अहिराणीवर यायचे. हिंदी फक्त कामगारांना रागावण्यासाठी आणि गुजराती फक्त शेठला समजावण्यासाठी, अशी त्यांची वाटणी होती.

त्यांच्या केबिनमध्ये एक लाकडी फळी होती. तिचं नाव 'कैलास'. आपोआप चालणारी म्हणून जन्माला आलेली आणि काही वेळानं थांबलेली सगळी यंत्रं तिथं विसावलेली असत. त्या काळी पांडेसऱ्यात दर दोन-चार महिन्यांनी बातमी फिरायची, अमक्यानं बिनाविजेची मोटर काढली, तमक्यानं स्वतःचंच पाणी वर चढवणारं चाक काढलं. काढणारे कोण? कुठं वायरमन, कुठं लेथवाला, एकदा तर उधन्याचे एक होमिओपॅथीचे डॉक्टर. सगळे शेवटी अप्पांकडे यायचे. कारण अप्पा कोणालाही 'हे होणार नाही' असं म्हणत नसत. "घेऊन या," म्हणायचे. "तुमचं यंत्र आहे, तुम्हीच सुरू करा. मी हातसुद्धा लावणार नाही."

मग स्टुलावर बसायचे, दोन्ही हातांनी चहा बशीत ओतायचे, फुर्र करून प्यायचे आणि यंत्राकडे बघत राहायचे. त्यांचा एक कडक नियम होता. यंत्र हळू व्हायला लागलं तरी कोणी हसायचं नाही. ते थांबलं, तरी नाही. ज्यानं बनवलं त्यानंच स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "गेलं." तोवर सगळे गप्प. लोक उद्घाटनाला नारळ फोडतात, अप्पा त्या 'गेलं'नंतर फोडायचे. खोबऱ्याचा पहिला तुकडा यंत्र बनवणाऱ्याला. पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "चांगलं जगलं. आता कैलासात ठेवू."

आणि एखादं यंत्र थांबलंच नाही, तर? तर तो प्रश्न यायचा, "हात कोठे शे?" म्हणजे हात कुठे आहे. "यंत्र फिरत असलं," ते म्हणायचे, "तर कोणाचा तरी हात त्याच्यात आहेच. बैलाचा असेल, वाऱ्याचा असेल, नदीचा असेल. दिसत नाही म्हणजे लपवलाय." त्या डॉक्टरांचं चाक चहा संपला तरी फिरत होतं. अप्पांनी बशी खाली ठेवली, प्रश्न विचारला, आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं बूट काढून दाखवला. बुटात घड्याळाचा सेल होता.

वाद घालायची त्यांची पद्धत मला अजून कोणात दिसलेली नाही. ते विरोध करतच नसत. समोरच्याचं म्हणणं पूर्ण मान्य करायचे आणि मग ते म्हणणं बोटाला धरून इतक्या लांब घेऊन जायचे की त्याला स्वतःलाच परत यायची लाज वाटावी.

एकदा सफारी घातलेला एक माणूस शेठकडे लोहचुंबक विकायला आला. बॉयलरच्या पाइपाला हे चुंबक बांधा, पाव कोळसा वाचेल. शेठ खूश. अप्पांना बोलावून विचारलं, "अप्पा, आ चालहे के नी?"

अप्पा म्हणाले, "चालणारच, शेठ. एकच कशाला, चार घेऊ. चारांत कोळसा पूर्ण बंद."

शेठ आणखी खूश. सफारीवाला जरा चुळबुळला.

"पाचवा मात्र नको," अप्पा काळजीनं म्हणाले. "पाचवा लावला की बॉयलर कोळसा परत द्यायला लागेल. आपल्याकडे ठेवायला जागा कुठाय? साहेबांना विचारू या, ते स्वतःच्या घरी कुठं ठेवतात."

शेठ इतके हसले की सफारीवाल्यालाही हसावं लागलं, आणि हसत हसतच तो आपलं चुंबक पिशवीत भरून गेला. जाताना अप्पांनी त्याला चहा पाजला. "बिचारा," म्हणाले, "त्याला कोणी पाचव्यापर्यंत नेलंच नव्हतं."

दर सोमवारी सकाळी अप्पा एक खोटा नियम सांगायचे. शास्त्राचा नियम, पण साफ बनावट, आणि चेहरा असा की जणू लंडनहून तार आली आहे. त्यातली खोट जो पकडेल त्याला चहा. "रोज थोडं खोटं पचवायची सवय असावी," असं त्यांचं म्हणणं. माझ्याबाबतीत अडचण एवढीच होती की मला ते सगळंच पचायचं. मी मिलमध्ये असेपर्यंत तो सोमवारचा चहा मला एकदाही मिळाला नाही.

एका सोमवारी त्यांनी सांगितलं, "लाल रंग उष्ण असतो आणि निळा थंड. म्हणून लाल साडी निळ्या साडीपेक्षा लवकर वाळते." सगळे हसले. मी विचारात पडलो. मी रंगखात्यातला माणूस, मला हे आजवर कोणी कसं सांगितलं नाही? दुपारी रिंग रोडचा एक व्यापारी आला, त्याला घाई होती. मी त्याला आपुलकीनं हा नियम ऐकवला. तो म्हणाला, "मग भाऊ, मला सगळा माल लालच दे. डिलिव्हरी लवकर मिळेल." आणि खरंच तशी ऑर्डर देऊन गेला. अप्पांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते बडीशेप खाता खाता ठसकले. त्या दिवसापासून मला 'रंगारी' म्हणायला लागले, आणि त्यात इतकी माया होती की मला रागावताही येईना.

टेम्पोची गोष्ट मी स्वतः सहसा सांगत नाही. पण दुसरं कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. पावसाळ्यात बमरोली रोडला मिलचा टेम्पो चिखलात बंद पडला. अप्पा आणि दोघं-तिघं खाली उतरून ढकलायला लागले. माझे बूट नवे होते. मी आतच बसून राहिलो, पण नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डला टेकवले आणि जीव खाऊन ढकलायला लागलो. अप्पा खिडकीशी आले. मला वाटलं, ओरडणार.

"रंगारी, जोर कमी पडतोय," ते म्हणाले.

मी आणखी जोर लावला.

"पाय टेकव, पाय. असं."

मी पाय सीटला टेकवले. कपाळावर घाम. अप्पा गंभीरपणे म्हणाले, "शाब्बास. आता एक काम कर, तसंच ढकलत राहा आणि खाली उतर. बघू दे किती पुढे जातो." मी उतरायला निघालो तेव्हा कुठं मागची माणसं चिखलात बसून हसताना दिसली. नंतर अप्पांनी मला बाजूला घेऊन समजावलं. आत बसून तू जितकं पुढे ढकलतोस तितकंच तुझे पाय टेम्पोला मागे ढकलतात, टेम्पोला तुझ्या भांडणाचा पत्ताच लागत नाही. समजावताना मात्र ते अजिबात हसले नाहीत. त्यांचं हसणं आधी झालेलं असायचं.

कैलासात एका कोपऱ्यात फडक्याखाली काहीतरी झाकून ठेवलेलं असे. मिलमध्ये कुजबूज होती की ते अप्पांचं स्वतःचं, तरुणपणी बनवलेलं यंत्र आहे, न थांबणारं, म्हणून ते झाकून ठेवतात. मी त्यावर मनातल्या मनात बरंच हळवं होऊन घेतलं होतं. एक दिवस ते नाहीत असं बघून फडकं उचललं. खाली काकूंचा, म्हणजे अप्पांच्या बायकोचा, मिक्सर होता. मागच्या दिवाळीच्या आधी दुरुस्तीला आणलेला.

तर असे हे अप्पा. आणि त्यांनी माझा पंखा पास केलाय, असं मी बमरोलीत ठोकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. वारा घालणारे मास्तर, पोह्यांची बशी, मोठ्या मुलीची फसवणूक, सगळं. अप्पा ऐकत होते. मुलीनं काय विचारलं ते सांगितलं तेव्हा त्यांनी बशी तोंडाजवळच थांबवली.

"काय म्हणाली?"

"बंद कसा करायचा, म्हणाली."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. अप्पांनी डोळे मिटले. जणू स्क्रूड्रायव्हर कानाला लावलाय.

मग त्यांना आठवलं की आपण रागावायला हवं. "आणि मना नाव सांगं तू?" ते अहिराणीत कडाडले. माझं नाव सांगितलंस? "इतक्या वर्षांत मी एक यंत्र पास केलं नाही. डॉक्टराचं नाही, शेठच्या मेव्हण्याचं नाही. आणि तुझा पंखा पास? जो बनलाच नाही तो?"

"बनवतो ना," मी म्हणालो. "दसऱ्याला अजून वेळ आहे."

"बनव," अप्पा म्हणाले. माझ्या दुर्दैवानं, 'होणार नाही' असं ते कोणालाच म्हणत नसत.

मी बनवला. सायकलचं एक चाक आडव्या आसावर बसवलं. मागावर धाग्याची जी लाकडी कांडी लावतात, तसल्या जुन्या कांड्या मिळवल्या आणि चाकाच्या कडेला बिजागरीनं अडकवल्या. कल्पना अशी की उजवीकडे आल्या की त्या बाहेर लोंबणार, डावीकडे गेल्या की आत मिटणार. म्हणजे उजवी बाजू कायम जड. जड बाजू खाली जाणार, पुन्हा दुसरी जड होणार, आणि हे असं जगबुडीपर्यंत. आसाच्या पुढच्या टोकाला पुठ्ठ्याची पाती. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मला एकदोनदा गहिवरून आलं.

ढकललं, की कांड्या खडखडत थोडं फिरायचं आणि थांबायचं. मी तेल घातलं, कांड्या बदलल्या, त्याच्याशी गोड बोललो. थांबायचं.

अप्पांनी मला चाकासमोर उभं केलं. "रंगारी, उजवीकडच्या कांड्या हात लांब करून लोंबतायत, बरोबर? पण आहेत किती त्या? आणि डावीकडे बघ. अंग चोरून बसल्यात, पण घोळका केवढा आहे. इकडे थोड्या आणि लांब, तिकडे पुष्कळ आणि जवळ. दोन्हीकडचं ओझं सारखंच. तू बनवलायस तो तराजू आहे."

"मग आता?"

"आता मास्तरांना जाऊन खरं सांग."

"खरं सांगितलं तर नाही म्हणतील."

"खोटं दाखवलंस तर जास्त नाही म्हणतील."

मी गेलो मात्र नाही. रोज जायचं ठरवत होतो, आणि ठरवता ठरवता दसऱ्याचा आदला दिवस आला. संध्याकाळी चाक अप्पांच्या केबिनमध्ये ठेवलं आणि म्हणालो, "उद्या जोरात ढकलेन. ते जरा फिरेल, तेवढ्यात तुम्ही मास्तरांना जिलबी द्या, बोलण्यात गुंतवा." अप्पांनी बडीशेपेची पुडी खिशात ठेवली. म्हणाले, "चाकासाठी दिलेली केबिनची किल्ली ठेवून जा."

दसऱ्याला मिल बंद असते आणि सगळ्यात छान दिसते. कापड रंगवायचं जेट मशीन, ते वाळवायचा स्टेंटर, बॉयलर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. लाउडस्पीकरवर आरत्या. गेटपाशी फाफडा-जिलबीचे ढीग. आवारात टेम्पो धुऊन, हार घालून उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर सगळ्यांना शिव्या घालत होता, "माझ्या वायपरची मोटर कोण काढून नेली रे?" सणाच्या दिवशी इतकं चिडू नये, असं मी त्याला समजावलं.

केबिनमध्ये गेलो तर माझ्या चाकाभोवती झेंडूच झेंडू. आसापाशी माळांचा जाड गुंडा, तिथून एक माळ टेबलाखालून अप्पांच्या स्टुलापर्यंत गेलेली. मला भरून आलं. रागावले तरी यंत्र सजवलं म्हाताऱ्यानं.

मास्तर आले, मागे ती. निळी साडी. उशिरा वाळणारी, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. अप्पांनी नमस्कार केला तो एकाच हातानं. दुसरा हात कोटाच्या खिशात होता. दसऱ्याच्या उन्हात अप्पांनी कोट घातला होता, हेसुद्धा मला विचित्र वाटलं नाही. चहा आला. मास्तर म्हणाले, "अप्पासाहेब, तुम्ही पास केलाय म्हणतात."

"तुमच्यासमोर आहे," अप्पा म्हणाले. "बघा."

मी देवाचं नाव घेतलं आणि चाक ढकललं.

कांड्या खडखडल्या. चाक फिरलं. आणि फिरत राहिलं. मी थांबायची वाट बघत होतो, ते थांबेना. मास्तर वाकून बघायला लागले. पुठ्ठ्याच्या पात्यांचा वारा त्यांच्या मिश्यांना लागत होता.

आता दुसरा कोणी असता तर त्याच्या मनात शंका आली असती. माझ्या आली नाही. मला एका क्षणात सगळं पटलं. अप्पांची गणितं चुकली होती, कागदावरची माझी कल्पना बरोबर होती, आज मुहूर्त चांगला होता. माझं तोंड सुटलं. "बघितलंत मास्तर? हे आता असंच. तुमच्या कारखान्यात मोठं चाक बसवू, अख्खे माग चालतील. मग हजीऱ्याच्या बड्या बड्या कंपन्या आपल्या दारात रांग लावतील." मास्तरांनी माझ्या तोंडात जिलबी घातली. मला वाटतं, थोडी मला गप्प करायलाही.

"अप्पासाहेब," मास्तर म्हणाले, "मी समजलो होतो, पोरगा फेकतो."

अप्पांनी जिलबीची बशी त्यांच्याकडे सरकवली.

ती पुढे आली. तिनं एक बोट चाकाला लावलं. चाक थबकलं. बोट काढलं, पुन्हा फिरायला लागलं. तिनं मला विचारलं, "बंद कसा करायचा?"

"बंद करायची गरजच काय?" मी तोंडातली जिलबी सावरत म्हणालो. "हीच तर गंमत आहे."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती अप्पांसमोरच्या टेबलाकडे बघत होती. तिथं चहाचा कप तसाच होता. बशीत ओतलेला नव्हता. वर साय धरली होती. तिची नजर कपावरून झेंडूच्या माळेवर गेली, माळेवरून स्टुलाकडे आणि स्टुलावरून कोटाच्या खिशाकडे. मग ती हळूच, अगदी घरातल्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं म्हणाली,

"अप्पा, हात कोठे शे?"

लाउडस्पीकरवरची आरती नेमकी तेव्हाच संपली असावी, कारण मला नुसत्या कांड्या ऐकू येत होत्या.

अप्पांचा चेहरा उजळला. खरंच सांगतो, पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा इतका आनंदी मी कधी बघितलेला नाही. त्यांनी खिशातून हात काढला, मूठ उघडली आणि म्हणाले, "आठे शे, बेटी." इथं आहे. तळहातावर दाराच्या घंटीचं बटण होतं. त्याची वायर बाहीतून, कोटातून, झेंडूतून चाकापर्यंत गेलेली. मूठ उघडली तसं चाक जागच्या जागी थांबलं. स्टुलाखाली पिशवीत स्कूटरची बॅटरी होती, आणि आसापाशी, झेंडूच्या गुंड्यात, टेम्पोच्या वायपरची मोटर.

नियमाप्रमाणे आता मी "गेलं" म्हणायचं होतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ती वायर काढून बघू या. तिच्याशिवायही चालेल."

मास्तर ताडकन वळले. "दोघं मिळून फसवता? सणाच्या दिवशी? चल गं."

"मास्तर," अप्पा उठले. "फसवलं ते मी. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. माझा विश्वास नसेल तर त्याच्या तोंडाकडे बघा."

मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यात अर्धी जिलबी होती.

"पंखा आहे म्हणून फेकलं, ते खोटंच," अप्पा म्हणाले. "पण फेकलेलं पहिलं त्याच्याच डोक्यात बसतं. तुमच्या त्या जावयासारखा हा कोणाला फसवू शकत नाही. त्याला जमतच नाही. दुसरा फसायच्या आत हा स्वतः फसलेला असतो. असा माणूस घरात असला तर काळजी नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं."

माझ्या आयुष्यात कोणी माझी इतकी तरफदारी केलेली नाही.

मास्तर दारात उभे होते, ना आत ना बाहेर. मी चाकाकडे बघितलं. सगळ्या कांड्या आपापल्या जागी गप्प लोंबत होत्या, इकडे थोड्या आणि लांब, तिकडे पुष्कळ आणि जवळ. तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसलं. मी म्हणालो, "गेलं."

अप्पांनी नारळ फोडला. पहिला तुकडा मला दिला, पाठीवर हात ठेवला. दुसरा मास्तरांसमोर धरला. मास्तरांनी घेतला नाही. तो तुकडा तसाच हवेत राहिला, आणि मग तिनं हात पुढे करून तो घेतला आणि कुडुम करून खाल्ला. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही हात पुढे केला.

दिवाळीनंतर लग्न झालं. ड्रायव्हरला त्याची मोटर परत मिळाली. चाक कैलासात गेलं, आणि काकूंचा मिक्सर त्याच्याशेजारी फडक्याखाली तसाच होता.

पुढं काही वर्षांनी अप्पा मिल सोडून गावी चोपड्याकडे जायला निघाले तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या घरी सामान बांधायला गेलो. बायको आत काकूंबरोबर भांडी गुंडाळत होती. मी आणि अप्पा केबिनमधून घरी आणलेली कैलासातली यंत्रं खोक्यात भरत होतो. माझं चाक हातात आलं, आणि इतके दिवस मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं.

"अप्पा, तुम्ही जन्मभर लोकांचे लपवलेले हात शोधलेत. आणि माझ्यासाठी स्वतःचा हात लपवून बसलात. चहासुद्धा प्यायला नाहीत. एवढा जीव लावलात मला?"

अप्पांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. नव्या यंत्राकडे बघायचे तसं.

"तुनासाठे?" ते म्हणाले. "तुझा पंखा मी त्याच मिनिटाला मरू दिला असता. मला ती पोर बघायची होती. 'बंद कसा करायचा' असं विचारणारी. म्हटलं, हिला हात सापडतो का बघू. सापडला नसता तर मीच उठून सांगणार होतो, मास्तर, या घरात मुलगी देऊ नका."

"का?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकोचा, की मी खोकं उलटं बांधतोय, तळाकडून उघडेल. मी बघितलं. उलटंच बांधत होतो.

"संसार काय आपोआप चालस का रे, रंगारी?" अप्पा म्हणाले. "कोनाना तरी हात लागस. आनि तो तुना नही, हाई माले पैल्या दिवशीच दिसनं व्हतं."